रक्ताच्या कॅन्सरवरचा नवा उपचार आणि बाईचं हृदय

 

आज ज्या उपचाराबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव आहे कार-टी. नाव परकं वाटतं, पण काम आपल्या जिल्ह्यातलं आहे. रोह्याहून दिवा गाडी पकडली, नागोठणे, पेण करत पनवेलला उतरलं आणि लोकलनं पुढं गेलं की खारघर येतं. तिथं टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार याच ॲक्ट्रेकमध्ये एका रुग्णाला दिला गेला. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटानं तो प्रयोगशाळेत तयार केला आणि टाटाच्या डॉक्टरांनी रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची परवानगी आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला येऊन तो देशाला खुला केला. त्याचं नाव नेक्सकार-१९.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण कॅन्सर म्हटलं की बायकांच्या मनात पहिल्यांदा स्तनाचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा येतो. हा उपचार त्या कॅन्सरसाठी नाही. रक्तातल्या बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडून जे ल्युकेमिया आणि लिम्फोमा होतात, म्हणजे एक रक्ताचा आणि दुसरा लसिका गाठींचा कॅन्सर, त्यांच्यासाठी तो आहे. तोही पंधरा वर्षांवरच्या रुग्णांना, आणि नेहमीच्या औषधांनी आजार गेला नाही किंवा जाऊन परत आला तरच. म्हणजे हा उपचार घेणाऱ्या माणसानं आधीच बरीच औषधं पचवलेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

उपचार कसा करतात? आपल्याला भातशेती ठाऊक आहे, म्हणून तसंच सांगतो. आपण राबात बी पेरतो, आवण तयार करतो, शेताची चिखलणी करतो आणि मग लावणी. इथंही तसंच आहे. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात. टी-पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात नवी खूण भरतात, म्हणजे कॅन्सरची पेशी दिसली की ती त्यांना ओळखू येते. मग त्या पेशी वाढवतात, हे झालं आवण. तोवर रुग्णाला थोडे दिवस केमो देऊन शरीरात जागा करतात, ही झाली चिखलणी. शेवटी तयार पेशी सलाईनसारख्या शिरेतून परत सोडतात. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असतात, दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

चाचणीचे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेटच्या रक्तविकारांवरच्या मासिकात छापून आले. चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांच्यावर परिणाम मोजता आला त्यांतल्या शंभरात सुमारे ७३ जणांचा आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला. ज्यांच्यापुढं दुसरा मार्ग फारसा उरलेला नव्हता, त्यांच्यासाठी हे मोठंच आहे.

आता हृदयाकडे येऊ.

लावलेल्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतात तेव्हा शरीरात एक वादळ उठतं. या पेशी एकमेकींना बोलावण्यासाठी रसायनं सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. थोडी सुटली तर काम होतं. फार सुटली तर जोराचा ताप चढतो, रक्तदाब खाली जातो, अंगातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, श्वास अपुरा पडतो. बहुतेक वेळा हे पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत होतं. अशा वेळी हृदयाला दुहेरी त्रास. तापामुळे आणि उतरलेल्या दाबामुळे त्याला जोरजोरात धावावं लागतं, आणि त्याच रसायनांनी हृदयाचा स्नायूही मंदावतो. मग ठोके चुकतात, पंप कमजोर पडतो, फुप्फुसात पाणी साठतं. काही जणांत हे सगळं सौम्य असतं आणि निघून जातं. काही जणांत जिवावर बेततं.

या वादळावरचं औषध कसं सापडलं ते ऐकण्यासारखं आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी दिला. रक्ताच्या कॅन्सरसाठी तो घेणारी ती पहिली लहान मुलगी. तिला असं वादळ उठलं की श्वासाचं यंत्र लावावं लागलं. तपासणीत एक सायटोकाइन भयंकर वाढलेलं दिसलं. उपचार शोधणारे डॉ. कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, म्हणून त्यांना माहीत होतं की संधिवातावर याच सायटोकाइनला अडवणारं एक औषध निघालंय, टॉसिलिझुमॅब. ते दिलं आणि मुलगी सावरली. सातव्या वाढदिवसाला ती शुद्धीवर आली. आज जगभर हेच औषध या वादळावर देतात.

पण औषध असून भागत नाही, ते वेळेवर पोचावं लागतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कार-टी घेतलेल्या १३७ रुग्णांची हृदयाच्या बाजूनं पाहणी केली, ती २०१९ मध्ये छापून आली. त्यांतल्या १७ जणांना, म्हणजे शंभरात बारांना, हृदयाचा गंभीर त्रास झाला. कुणाला हृदय निकामी होण्याचा, कुणाला ठोके बिघडण्याचा, आणि सहा जण हृदयाच्या कारणानं गेले. हे सगळे असे होते की ज्यांचं वादळ सौम्य नव्हतं. आणि वादळ सुरू झाल्यापासून टॉसिलिझुमॅब द्यायला जितका उशीर, तितका धोका वाढत गेला. दर बारा तासांच्या उशिराला जवळपास पावणेदोन पट.

बारा तास. म्हणजे संध्याकाळी ताप आला आणि "सकाळी बघू" म्हटलं, की संपले.

इथून पुढं बाई आणि पुरुष यांतला फरक सुरू होतो. कार-टीनंतर हृदयाचा त्रास बायकांना जास्त की पुरुषांना जास्त, असा हिशेब मांडण्याइतके रुग्ण अजून झालेले नाहीत, तेव्हा कुणी छातीठोक सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. पण दोघांच्या शरीरात फरक आहेत, ते पक्के ठाऊक आहेत, आणि ते या उपचारात आड येतात.

पहिला फरक प्रतिकारशक्तीचा. बाईची प्रतिकारशक्ती साधारणपणे जास्त तिखट असते. म्हणून लसीनंतर बायकांच्या अंगात प्रतिकारद्रव्यं जास्त तयार होतात, आणि म्हणूनच शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार, जसा बोटांचे सांधे सुजवणारा संधिवात, बायकांत कितीतरी जास्त. कॅन्सरच्या औषधांचंही असंच दिसतं. अमेरिकेत १९८० ते २०१९ या काळातल्या दोनशेहून अधिक चाचण्यांमधले तेवीस हजारांवर रुग्ण एकत्र घेऊन पाहिलं, तेव्हा गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता बायकांत पुरुषांपेक्षा ३४ टक्के जास्त निघाली. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांत तर ४९ टक्के. ही पाहणी खास कार-टीची नव्हती, पण दिशा कळते.

दुसरा फरक आधीच्या ओझ्याचा, आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. कार-टी घेणाऱ्यानं आधी बरीच औषधं घेतलेली असतात असं वर म्हटलं. लिम्फोमासाठी जे पहिलं औषध देतात त्यात बहुधा लाल रंगाची एक केमो असते, डॉक्सोरुबिसिन. ती हृदयाचा स्नायू कमजोर करू शकते. लहानपणी या जातीचं औषध घेतलेल्या मुलींच्या हृदयाला मुलांपेक्षा जास्त इजा झालेली दिसली आहे. एखाद्या बाईला पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तेव्हाही हीच लाल केमो मिळालेली असू शकते, आणि डाव्या बाजूला शेक दिला असेल तर त्याचाही मारा हृदयाजवळच.

त्यात आपल्याकडच्या बायकांचं आणखी एक ओझं, रक्त कमी असण्याचं. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरात ५७ बायकांचं रक्त कमी निघालं, त्याच वयाच्या पुरुषांत २५ जणांचं. रक्त पातळ असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. कॅन्सर आणि केमोनं रक्त आणखी उतरतं, आणि त्यावर वादळ.

आणि बाळंतपणं. गरोदरपणी रक्तदाब वाढला होता, पायावर तोंडावर सूज होती, झटके आले होते, अशा बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त राहतो. काही जणींचं हृदय बाळंतपणाच्या सुमारास कमजोर झालेलं असतं. लहानपणी सांधे धरून ताप आला आणि त्यानं हृदयाची झडप अरुंद झाली, हेही बायकांतच जास्त आढळतं, आणि पुष्कळदा कुणी कधी सांगितलेलंच नसतं. कॅन्सरचा डॉक्टर हे सगळं विचारेलच असं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा रक्ताच्या कॅन्सरशी काय संबंध, असं आपल्यालाही वाटतं. संबंध आहे, तेव्हा न विचारता सांगायचं.

तिसरा फरक ठोक्यांचा. ईसीजीच्या पट्टीवर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ मोजता येतो. बायकांत तो मुळातच थोडा लांब असतो. काही औषधांनी तो आणखी लांबतो, आणि फार लांबला तर ठोके एकदम भरकटून माणूस कोसळतो. औषधांमुळे असं झालेल्यांत सुमारे दोन तृतीयांश बायका असतात. आता ही औषधं कोणती, तर उलटी थांबवणारं ऑन्डनसेट्रॉन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, काही अँटिबायोटिक. म्हणजे कॅन्सरच्या रुग्णाला नेहमी लागणारी. रुग्णालयात ईसीजी काढून बघून ती देतात, तिथं काळजी नाही. पण घरी आल्यावर मळमळलं म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणली तर ही काळजी कोण घेणार? उलट्या-जुलाब झाले की अंगातलं पोटॅशियम उतरतं, त्यानंही हेच होतं.

पुरुषांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ठोके अनियमित होण्याचा एक प्रकार, वरचे कप्पे नुसते थरथरण्याचा, त्याच वयाच्या बायकांपेक्षा जास्त असतो. हृदयाच्या नळ्या तुंबण्याचा आजारही पुरुषांना बायकांपेक्षा सात-दहा वर्षं आधी गाठतो. त्यात तंबाखू, विडी. धाटावला कारखान्यात जाणारा पन्नाशीचा नवरा "मला कधी काही झालं नाही" म्हणत असेल, तरी उपचाराआधी त्याच्या हृदयाची तपासणी नीट व्हायला हवी. त्यामुळे कुणी असं समजू नये की आजचं बोलणं बायकांपुरतं आहे.

तरी बायकांबद्दल जास्त बोलतोय, त्याला कारण आहे. बाईच्या हृदयाचा त्रास ओळखू येत नाही. सिनेमात हार्ट ॲटॅक म्हणजे छाती धरून खाली पडणं. छातीत दुखणं बायकांनाही होतं, पण त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अंगातलं त्राण गेल्यासारखा थकवा, हे बायकांत जास्त दिसतं. आणि आपल्या घरात याला काय म्हणतात? गॅस झाला. जागरण झालं. उपास बाधला. पाळी जायचं वय आहे. बाई स्वतःच ओव्याचं पाणी पिऊन पडून राहते. कॅन्सरचा उपचार झालेली असेल तर "एवढी मोठी औषधं घेतली, थकवा येणारच" हे आणखी एक उत्तर तयार असतं.

तपासणीतही असंच घडू शकतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं. वर सांगितलेल्या १३७ रुग्णांच्या पाहणीत हृदयाचा त्रास झालेल्यांपैकी जवळपास सगळ्यांचं ट्रोपोनिन आधी वाढलं होतं. म्हणजे ही तपासणी आधी इशारा देते. पण बायकांत निरोगी असतानाही हा आकडा पुरुषांपेक्षा कमी असतो, म्हणून नव्या बारीक तपासण्यांत बायकांसाठी धोक्याची रेघ खाली धरतात. एका नेहमीच्या तपासणीत पुरुषांची रेघ ३४ आणि बायकांची १६ आहे. पुरुषाच्या रेघेनं बाईला मोजलं तर इजा झालेली असून "नॉर्मल" असा कागद हातात पडतो. डॉक्टरांना विचारायला काही हरकत नाही, की साहेब, हा आकडा बायकांच्या हिशेबानं बघितलात ना?

मोठ्या ताणानं हृदयाचा पंप अचानक फुग्यासारखा ढिला पडण्याचाही एक प्रकार आहे. तो होणाऱ्या दहांत नऊ बायका असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. कार-टीनंतरही असे रुग्ण आढळले आहेत. चांगली गोष्ट अशी की वेळेत ओळखलं तर हृदय बहुधा पुन्हा पूर्ववत होतं.

आता घराकडे. उपचारानंतरचे पहिले काही आठवडे रुग्णाला केंद्राजवळच राहायला सांगतात, वेळ पडली तर ताबडतोब पोचता यावं म्हणून. रोह्याच्या आतल्या वाडीवरून रात्री खारघर गाठायचं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा ही अट मोडायची नाही. पण पुरुष रुग्ण असला की बायको पिशवी भरून सोबत जाते, महिनाभर खोलीत राहते, रात्री उठून कपाळाला हात लावते. बाई रुग्ण असली की कोण राहतं? नवऱ्याची रजा संपते, मुलगा दोन दिवस राहून जातो, आणि बाईलाच घरची ओढ लागते. गणपतीच्या कारखान्यातलं रंगकाम राहिलंय, पापडाची ऑर्डर आहे, लावणी तोंडावर आलीय. ती लवकर घरी येते आणि चौथ्या दिवशी हंडा उचलते. गटानं इथं काही करता येतं. सोबतीला कोणत्या आठवड्यात कोण जाणार याची पाळी लावता येते. आमच्या मते दोन हजार रुपये वर्गणी काढण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

पैशाचंही सांगतो. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, आपल्याकडे सुमारे तीस-चाळीस लाख. दहावा हिस्सा झाला, तरी शेतकऱ्याच्या घराला तो डोंगरच. टाटाच्या रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे, मदतीचे मार्ग तिथं आधी विचारावेत. जमीन विकायचा विचार त्यानंतर. आणि घरातल्या बाईसाठी एवढा खर्च करायचा का, हा प्रश्न बैठकीत कुणी उघड विचारत नाही, पण घराघरात विचारला जातो. तो बाईसमोर, तिला बोलू देऊन सोडवा.

घरी आल्यावर लक्ष कशावर ठेवायचं? ताप १००.४ च्या वर गेला की लगेच केंद्राला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा आणि वाट बघायची, हे नको. छातीत धडधड, घेरी, बसल्या जागी धाप, आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून दोन उशा लागणं, पायावर बोट दाबलं की खळगा राहणं, यांतलं काहीही झालं तरी तोच फोन. रोज सकाळी एकाच वेळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्नानं नाही, पाण्यानं वाढलेलं असतं. वजनकाटा घरी नसेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. बोलताना शब्द सापडेनात, माणसं ओळखता येईनात, तर तेही याच उपचाराचं लक्षण असू शकतं, भुताखेताचं नाही. हृदयाची कमजोरी काही जणांत आठवड्यांनी उघड होते, म्हणून टू-डी इकोसाठी परत बोलावलेली तारीख चुकवू नका, बरं वाटत असलं तरी.

दाखल होण्याआधी एक पिशवी तयार करा. त्यात आधीच्या केमोचे कागद, शेक दिला असेल तर त्याचे, बाळंतपणाचे, जुने ईसीजी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, वैदूचं काही घेत असाल तर तेही. माहेरच्या दवाखान्यातले बाळंतपणाचे कागद सापडत नसतील तर आईला, थोरल्या बहिणीला विचारून निदान तोंडी माहिती लिहून घ्या.

आणि घरी येताना केंद्राकडून उपचाराचं नाव, तारीख आणि तातडीचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड घ्या. दिलं नाही तर मागा. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी असा रुग्ण कधी पाहिलेला नसेल, त्यात त्यांचा दोष नाही. १०८ च्या गाडीत बसतानाच ते कार्ड पुढं करा आणि त्यांना सांगा, आधी या नंबरवर बोला, मग औषध द्या. कार्डाची एक झेरॉक्स शेजारणीकडे ठेवलेली बरी, कारण घरात त्या वेळी दुसरं कुणी असेलच असं नाही.